टाकीचं झाकण

त्या दिवशीही गाडी विंझरच्या पुढच्या चढावर अडली. त्यात नवीन काही नव्हतं. उन्हाळा लागला की ती तिथंच अडायची. आधी एक आचका, मग दोन, मग खोकल्यासारखा आवाज, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला मुकाट उभी.

"आली हिची वेळ," श्रीपादराव म्हणाले आणि टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. भोरला त्यांची वकिली होती आणि वेल्ह्याच्या कचेरीत अधूनमधून काम निघायचं. एस.टी.नं जायचं त्यांच्या मनातही येत नसे. भाटघरच्या धरणावरचा एक साहेब मायदेशी जाताना आपली दोन माणसांची लाल, उघडी गाडी त्यांना देऊन गेला होता. शर्यतीत पळवायची गाडी, असं तो म्हणाला होता. भोरच्या रस्त्यांवर तिनं शर्यत कधी पाहिली नाही. म्हशी मात्र पुष्कळ पाहिल्या.

"प्लग मी परवाच साफ केलेत, अण्णा," त्यांची मुलगी सौदामिनी म्हणाली. "कार्बोरेटरही."

"पेट्रोल?"

"तुमच्या जुन्या धोतराची चार पदरी घडी करून गाळलंय."

"मग वय झालं तिचं. माझ्यासारखं."

सौदामिनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. चाळिशीला टेकली होती. गाडी तीच चालवायची. साहेबानं गाडीबरोबर दिलेलं माहितीचं पुस्तक तिनं अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं, पण उन्हात अडणाऱ्या गाडीबद्दल त्यात जेवढं लिहिलं होतं तेवढं सगळं करून झालं होतं. ती डबा घेऊन खालच्या झऱ्यावर पाणी आणायला गेली. नेहमी तीच जायची.

परत आली तेव्हा अण्णा गाडीच्या मागं, टाकीचं झाकण उघडून उभे होते. शेजारी शेळ्या घेऊन सारजाबाई. वरच्या धनगरवाड्यातली ही म्हातारी गाडी अडली की कुठूनशी हजर व्हायची.

"वकीलसायेब, माजी शेरडं बी इतकी अडत न्हाईत. इकून टाका हिला."

"घेतेस का?"

"दूद देती व्हय?"

अण्णा खो खो हसले. सौदामिनीला हसू आलं नाही. तिचं डोकं दुखत होतं आणि घरी पेपरांचा गठ्ठा तपासायचा होता. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली, कशी ते कुणालाच कळलं नाही. येताना अण्णा कुठल्याशा आंब्याला यंदा मोहोर कमी आला होता असं काहीतरी म्हणाले. ती नुसतं "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहाचा कप हातात असतानाच ते गेले. कप सांडलासुद्धा नाही.

दिवसकार्य उरकलं. पाहुणे पांगले. पुण्याचे आनंदराव काका तेवढे मागं राहिले, भावाच्या मागं घराची व्यवस्था लावायला. ते वाईट नव्हते. पण त्यांना दारात उभी राहिलेली वस्तू खपत नसे.

"उद्या भंगारवाला येतोय," ते दुपारी जेवताना म्हणाले. "चालत असती तर मीच म्हटलं असतं, ठेव बाई. पण अडणारी गाडी घेऊन एकटी बाई रानात उभी राहणार का? मग काय, अंगणात ठेवून तुळस लावणार आहेस तिच्यात?"

"दोष सापडला तर?"

"चार वर्षं सापडला नाही तो आज सापडणार? बघ बाई. सापडला तर माझं काही म्हणणं नाही."

तिला वाद घालायचा नव्हता. वाद घालण्याइतका जीवच उरला नव्हता अंगात. अण्णांचे कपडे, काठी, चष्मा, सगळं वाटून झालं होतं आणि ती काही बोलली नव्हती. पण गाडी जाणार म्हटल्यावर हातातला घास तिनं तसाच खाली ठेवला. ताटावरून उठून तिनं किल्ली घेतली. जिथं अडते तिथंच जाऊन दोष शोधायचा होता.

विंझर मागं पडलं. चढ लागला. आचका. दुसरा. खोकला.

गाडी कडेला घेऊन ती तशीच स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसली. बॉनेट उघडायचाही कंटाळा आला होता. चार वर्षं. आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून. त्याआधी हा चढ गाडी गुणगुणत चढायची.

"सायेब गेले म्हनं," सारजाबाई शेळ्या हाकत जवळ आली. "लई वंगाळ झालं, ताई." ती खाली रस्त्यावरच बसली. मग मागच्या टाकीकडं हनुवटी करून म्हणाली, "त्ये कुक्कू हाय का अजून?"

"कुठलं कुंकू?"

"झाकनावरचं. बाईसाहेबांनी लावल्यालं. तुमी पान्याला गेला की सायेब झाकन काडून, त्यावर हात ठिवून हुबं ऱ्हायचे. म्हनायचे, सारजे, हे हिनं शेवटच्या दसऱ्याला लावलंय बघ."

सौदामिनी तिच्याकडं वळली.

"तुला सांगायचे?"

"मला काय, रस्त्यावरचं मानूस मी. तुमच्याफुडं बोलाया भ्यायचे. पोरगी आधीच मुकी झालीया म्हनायचे, आनि मी कशाला रडवू."

सौदामिनी उतरून मागं गेली. झाकणावर कुंकवाचं बोट होतं, काळपट, जाड. आई कपाळाला लावायची तसंच, आधी मेण आणि मग त्यावर कुंकू. वाऱ्यानं उडू नये म्हणून गाडीलाही तिनं मेण लावलं होतं. ते बोट सौदामिनीनं कैकदा पाहिलं होतं. सारी गाडी खोलायला मुभा होती, फक्त झाकण पुसायला गेलं की अण्णा म्हणायचे, "त्याला हात लावू नकोस." देवाला न मानणारा माणूस असं का म्हणतो, हे तिनं कधी विचारलं नाही.

तिनं झाकण फिरवलं. आत हवा शिरली. 'सूऽऽ' करून, लांब श्वास घ्यावा तशी.

ती थांबली. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला एक बारीक भोक होतं. वरच्या बाजूनं ते मेणानं बुजलं होतं. उन्हानं मेण मऊ होऊन चकाकत होतं.

गोड्या तेलाचा डबा फोडताना आई खिळ्यानं दोन भोकं पाडायची. एकानं तेल बाहेर, दुसऱ्यानं हवा आत. लहानपणी तिनं एकच भोक पाडून पाहिलं होतं. चार थेंब पडून तेल थांबलं होतं. थंडीत मेण आखडून त्याला भेगा पडत असणार, तेवढ्यातून टाकीला हवा मिळत असणार. उन्हात भोक बंद, पेट्रोल बंद. आणि अण्णा झाकण उघडून उभे राहायचे, म्हणून तर ती पुन्हा चालायची. त्यांना हे ठाऊक होतं का? बहुतेक नसावं. असलं तरी आता कोण सांगणार?

पदरानं एकदा खसकन पुसलं असतं तरी काम झालं असतं. तिनं पदर हातात घेतला आणि सोडून दिला. अंबाड्यातला आकडा काढून त्याचं टोक भोकाच्या जागी टेकवलं आणि हळूच दाबलं. आकडा आरपार गेला. कुंकवाला सुईएवढं छिद्र पडलं, बाकीचं तसंच राहिलं.

झाकण लावून तिनं गाडी सुरू केली. एक आचका बसला, मग इंजिनाचा आवाज सरळ झाला. उभ्या उभ्या पुष्कळ वेळ चालू ठेवली. ऊन तसंच होतं. गाडी थांबली नाही.

"लागली व्हय मार्गाला?" सारजाबाई उठली. "मंग आता इकू नगा."

"नाही विकत."

म्हातारी शेळ्यांमागं वर निघून गेली. सौदामिनीनं शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. उन्हात तिथलं कातडं तापलं होतं, मधोमध बसून बसून खोलगट झालेलं. तिनं त्यावर हात ठेवला.

"अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली. इंजिनाच्या आवाजातही तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. "मलाही आईची फार आठवण येते. तुम्ही बोलला असतात तर मी रडले असते, एवढंच."