डावीकडचे सगळे

आत्याला डेटाबेस शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात संगणकावर पोट भरणारी मी एकटीच. आत्या कुलपांच्या कारखान्यात कामगार विभागात आहे. नवे साहेब आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, की विभागात ज्याला स्वतः याद्या काढता येतील त्याचीच खुर्ची राहील. आत्याच्या निवृत्तीला अवकाश होता, आणि या वयात तिला दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

ती ऑफिसचा लॅपटॉप घरी आणायची आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. विद्यार्थिनी म्हणून आत्या भयंकर. स्वल्पविराम ती विसरणार आणि शिव्या यंत्राला. ‘डिलीट’ लिहिताना ‘व्हेअर’ची अट राहिली तर अख्खा कारखाना पुसला जाईल, असं मी बजावलं, तर म्हणते, कधीकधी तिला तेच हवं असतं. पण एकदा समजलं की पक्कं. सिलेक्ट म्हणजे वेच, व्हेअर म्हणजे चाळ. जॉइनला मी ‘जोड’ म्हटलं, तिनं त्याचा ‘जोडा’ केला. दोन तक्त्यांतल्या ओळींचा जोडा जुळला, तरच ती ओळ यादीत. ‘हिचा काही जोडा जमला नाही’ हे आमच्या घरात तिच्याबद्दल इतक्यांदा बोललं गेलंय, की मीच अवघडले. ती मात्र अर्धविराम शोधत होती.

साहेबांनी परीक्षेला दिलेलं काम म्हणजे विम्याची यादी: सगळे कर्मचारी आणि प्रत्येकासमोर वारसाचं नाव. यादीत नाही त्याला विमा नाही. आत्यानं कर्मचाऱ्यांचा आणि वारसांचा तक्ता जोडून काढलेली यादी एकही चूक न दाखवता आली. ती खूश झाली आणि सवयीनं आधी स्वतःचं नाव शोधायला लागली. ते नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याचंही नव्हतं. वारसाची नोंद नसलेलं कुणीच त्यात नव्हतं.

“जोडा नाही म्हणून माणूसच नाही?” आत्या म्हणाली.

यंत्र चुकलं नव्हतं, तिनं मागितलं तेच त्यानं दिलं होतं. मी तिला लेफ्ट जॉइन दाखवला. डावीकडच्या तक्त्यातले सगळे येतात, उजवीकडे त्यांचं कुणी असो वा नसो. तिनं तो पहिल्या फटक्यात लिहिला. तिचं नाव आलं, समोरचा रकाना रिकामा. मला वाईट वाटलं. तिनं लॅपटॉप मिटला आणि भात टाकला.

पुढचं तिनंच मला सांगितलं. साहेबांना काम आवडलं, पण रिकामे रकाने बघून मुख्य कार्यालय कटकट करेल, तेव्हा तेवढ्या ओळी काढून टाका म्हणाले. आत्याला उलट बोलायची सवय नाही, त्यात खुर्ची टांगणीला लागलेली.

“काढते साहेब,” ती म्हणाली. “मग आधी मलाच काढते. मी त्यातच आहे.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माउस आपल्याकडे ओढून ते यादी खाली सरकवत गेले आणि स्वतःच्या नावापाशी थांबले. त्यांच्याही समोर काही नव्हतं.

“राहू द्या सगळ्यांना,” ते म्हणाले. “आणि यापुढच्या याद्याही तुम्हीच काढा.”