सुशीलाबाईंच्या ढिगातली देवी

तारनाक्यापलीकडच्या माळावर त्या सकाळी एवढी माणसं लोटली होती, की नव्या सरकारातल्या एखाद्या मंत्र्यालाही हेवा वाटावा. रझाकारी सरून सव्वा वर्ष झालेलं, थंडी कडाक्याची, आणि माळावरच्या एका ढिगातून वाफ निघत होती. ढिगाला हळदकुंकू, वर हिरवं लुगडं, पुढे नारळांची रास. शेजारी भूगर्भानंद महाराज डोळे मिटून बसलेले.

आता हा ढीग कसला, ते ऐका. शहरातल्या चिक्कडपल्लीतली वकिली-मास्तरकीची घरं सोडून नऊ कुटुंबं या माळावर एकत्र राहायला आली होती. एक चूल, एक शेत, आणि जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत करायचं, हा एक नियम. कामं पाळीने, खताचे ढीग सुशीलाबाईंकडे. ढिगात पालापाचोळा, शेण, ओला कडबा आणि वसाहतीच्या संडासातला मैला. बादल्या सगळेच वाहत, दत्तात्रयराव वकीलसुद्धा. फक्त गावात याची वाच्यता करायची नाही, असं बैठकीत ठरलं होतं. कारण पाणी हिम्मतराव पाटलांच्या विहिरीचं, आणि पाटील सोवळ्याचे कडक. म्हणून महाराजांनी वाफ पाहून देवी प्रकटल्याचं जाहीर केलं, तरी वसाहतीतलं कुणी खरं बोललं नव्हतं.

"आईच्या पोटात ज्वाला आहे," महाराज सांगत होते. "तिची ऊब घ्या. खटले जिंकाल, म्हशी आटायच्या नाहीत." मग ढिगातली लोखंडी सळई उपसून ते पुढे धरत. हात लावणारा चटका बसून मागे सरे आणि पाया पडे. सळई सुशीलाबाईंचीच, ढिगाची धग बघायला रोवलेली. शेवटी महाराज ढिगातली चिमूटभर माती प्रसाद म्हणून स्वतःच्या जिभेवर ठेवत. ते पाहून सुशीलाबाई पदर तोंडात कोंबून आत पळत आणि पोट धरून हसत.

तिसऱ्या दिवशी हिम्मतराव पानांचा द्रोण घेऊन आले. घरात सून भामा बाळंतीण, नातू चार दिवसांचा.

"नाळेवर हिचा लेप द्या," द्रोणात ढिगातली माती भरत महाराज म्हणाले. "शंभर वर्षं जगेल."

सुशीलाबाईंचं हसू तिथेच विरलं. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या नाळेवर कुणीसं शेणाची राख लावली होती. तो आठव्या दिवशी धनुर्वाताने गेला. बारसंही झालं नव्हतं.

"पाटील, थांबा. ते बाळाला लावू नका."

"का वो बाई? तुमच्याच जागेत देवी आली, अन् तुमालाच नक्को?"

"देवी नाही, ढीग तापलाय. कडब्याची गंजी ओली रचली तर आतून तापते ना?"

"हौ. मागल्या साली जळालीच की आमची."

"तिच्यापुढे नारळ फोडलात?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. सुशीलाबाई पाटलांना चुलीमागच्या दुसऱ्या ढिगाकडे घेऊन गेल्या. त्यातली सळई उपसली, तीही तेवढीच गरम. शेजारी तिसरा ढीग कोरडाच रचलेला, त्यातली सळई गार. पाटील विचारात पडले.

महाराजांनी एक डोळा उघडला. "थोरलीच्या पाठोपाठ धाकटी बहीण आली! तिलाही नारळ ठेवा."

झालं, जयजयकार सुरू. पाटील द्रोण घेऊन घराकडे वळले. सुशीलाबाईंनी दत्तात्रयरावांकडे पाहिलं. त्यांनी विहिरीकडे नजर टाकली आणि मान हलवली, बोलू नका म्हणून.

"पाटील, त्यात आमच्या संडासातला मैला आहे," सुशीलाबाई म्हणाल्या.

जयजयकार अर्ध्यावर थांबला.

"आम्हीच घालतो. डोळ्यांना न दिसणारे जीव तो खातात, त्यांच्या खाण्याने ही ऊब येते. खत मुरलं की नुसती माती उरेल, पण आज ते कच्चं आहे. आणि मुरलेलंसुद्धा शेतालाच घालायचं, नाळेला नाही. मातीतले काही जीव नाळेतून अंगात शिरले तर धनुर्वात होतो. माझं बाळ तसंच गेलं. मी हे तीन दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं."

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त प्रसाद त्यांनीच खाल्ला होता. ते तोंडावर उपरणं दाबून झुडपांमागे गेले ते गेलेच. एक खडाऊ तेवढी मागे राहिली.

पाटलांनी द्रोण फेकला, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली आणि विहीर बंद केली. एकोणीस दिवस वसाहतीने तलावावरून कावडीने पाणी आणलं. दत्तात्रयराव रोज कुरकुरत आणि रोज वाहत. सुशीलाबाईंचे खांदे सोलून निघाले.

विसाव्या दिवशी हिम्मतराव बांधावर येऊन उभे राहिले.

"नाळ पडली पोराची. कोरडी, चांगली. नुस्तं दूध पितंय अन् झोपतंय." मग जरा घुटमळून, "तुमचं ते खत मुरणार कधी? वांग्यांना दोन गाड्या होना. आणि पाणी तिकडून कायको आणता? विहीर हाय ना."

सुशीलाबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तेव्हा मंडळी, कुणी वाफेपुढे हात जोडायला सांगितलं, तर आधी एवढं विचारा, की आत काय घातलंय आणि कुणी घातलंय. आणि उत्तर तुम्हालाच ठाऊक असलं, तर विहीर बंद होईल या भीतीने तीन दिवस हसत बसू नका.