बेटावरची फुकट बोट

एका देशाच्या अर्थमंत्र्याला फोनवर ताटकळत ठेवून कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका कचेरीत, अकराव्या मजल्यावर, झालमुरी, म्हणजे तिकडची भेळ, खाल्ली जात होती. मंत्री लोकांनी निवडून दिलेला होता. पण देश लहान, समुद्रातल्या मूठभर बेटांचा, आणि लहान देशांनी थांबायचंच असतं असं यामिनीच्या कंपनीत सगळे धरून चालत. कुठल्या सरकारला कर्ज द्यावं, कुणाचं चलन वेळीच विकून टाकावं, हे बड्या गुंतवणूकदारांना सांगणं हा कंपनीचा धंदा. मत लंडनच्या मुख्य कचेरीचं, आकडेमोड कोलकात्याची.

नवऱ्याची, बँकेतल्या केदारची, बदली झाली म्हणून यामिनी पुण्याहून कोलकात्यात सॉल्ट लेकला आली आणि इथे चिकटली. आज सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. आठवड्यापूर्वी इथूनच गेलेल्या अहवालात त्या देशाची दोन वर्षांची तूट भलतीच फुगली होती. त्या सरकारचं वर्ष संपतं डिसेंबरात, आणि इथे प्रत्येकाच्या अंगात मार्चअखेर मुरलेली. फेब्रुवारीत फेडलेला कर्जाच्या व्याजाचा मोठा हप्ता गेल्या वर्षातही धरला गेला आणि या वर्षातही. चूक शाळकरी पोराची, पण अहवाल बाहेर पडला त्या दिवसापासून लोक ते चलन विकत सुटले होते.

तिने सौरभदाला, म्हणजे तिच्या साहेबाला, हे दाखवलं. त्याने चूक तिथल्या तिथे मान्य केली, आणि यामिनीला त्याचाच जास्त संताप आला. भांडला असता तर परवडलं असतं. दुरुस्तीला लंडनची परवानगी लागते, तो समजुतीच्या सुरात म्हणाला. आज मंत्र्यांचा कॉल आहे, तो होऊ दे, मग बघू. हे ‘मग बघू’ केदारच्या बँकेत ऐकून तिचे कान किटले होते. परदेशी कंपनीत तरी ते नसेल, अशी तिची भाबडी समजूत होती.

मंत्री बोलू लागला. ऐकणारे डझनभर शहरांतले गुंतवणूकदार होते. यामिनीच्या एका पडद्यावर कॉल होता, दुसऱ्यावर त्या चलनाचा भाव. मुलं एका बेटावर राहतात आणि शाळा दुसऱ्या बेटावर आहे, मंत्री सांगत होता. त्यांना बोट फुकट करू, या वचनावर आम्ही निवडून आलो आणि ती सुरूही केली. भाव खाली गेला. अधिकाऱ्यांच्या गाड्या कमी करतो, तो म्हणाला. भाव आणखी खाली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी धमकी दिली नाही. पडद्यावरची रेघ उतरत होती आणि तो भला माणूस घाईघाईने बोलत होता, एवढंच.

यामिनीला राहवलं नाही. तिने आपला माइक सुरू केला. सौरभदाचा हात झालमुरीच्या कागदी पुड्यातच थांबला.

“सर, मी कोलकात्याहून बोलतेय. आमचा आकडा चुकलाय. एक हप्ता दोनदा धरला गेलाय.”

मग मंत्री बोलला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता.

“मला माहीत आहे, बाई. आम्ही तुम्हाला तसं कळवलंही होतं. आता मला एवढंच सांगा, भाव किती आहे?”

तिने पडद्याकडे पाहिलं. भाव तसूभरही वर आला नव्हता. विकणारे चुकीच्या आकड्यामुळे विकू लागले होते. आता बाकीचे विकतात म्हणून विकत होते. तिने भाव सांगितला.

“उद्या आमच्या बंदरात तेलाचं जहाज येतंय,” मंत्री म्हणाला. “त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजायचे आहेत. या भावाने मला ते जमणार नाही.”

मग त्याने घसा साफ केला आणि शाळेची बोट बंद केल्याचं जाहीर केलं. रेघ वर चढू लागली. लंडनहून कुणीतरी त्याचे आभार मानले.

यामिनीला वाटलं होतं, आपली नोकरी जाणार. तसलं काही झालं नाही. उलट सुधारित अहवाल तिलाच लिहायला सांगितला. तिने बरोबर आकडा घातला, जुनी चूक स्वच्छ शब्दांत कबूल केली आणि मसुदा पाठवला. छापून आला तेव्हा आकडा तिचाच होता, पण कबुलीच्या जागी दुसरंच वाक्य बसलं होतं: सरकारने बोटीवरचा खर्च थांबवण्याचं धैर्य दाखवल्याने तूट घटली आहे. तिने लंडनला पत्रांवर पत्रं पाठवली. आकडा आता बरोबर आहे ना, असं उत्तर आलं.

रात्री जेवताना केदारही तेच म्हणाला. तिने आमटीची वाटी आपटून ठेवली. “आकडा बरोबर आहे, तर बोट का बंद आहे?”

दोन दिवसांनी सौरभदाने सगळ्या मजल्याला एक ईमेल पाठवली, वर अभिनंदन लिहून. त्या देशाच्या अर्थखात्याने कंपनीचे आभार मानले होते. आमच्या कठोर निर्णयाची आपण नि:पक्षपातीपणे दखल घेतलीत, यापुढेही आपला विश्वास राहावा, असं पत्रात होतं. पुढच्या महिन्यात त्यांना नवं कर्ज काढायचं होतं.

यामिनीने पत्र शेवटपर्यंत वाचलं. खाली सही त्याच मंत्र्याची होती.