मेंदू माझो आसा

संधिवाताने नलिनीची बोटं वाकडी करून टाकली, त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. पण गेल्या दिवाळीत करंज्या तळताना ती सुनेला "ते दे गं, ते" म्हणत राहिली. झाऱ्याला झारा म्हणतात, हेच तिला आठवेना. तेव्हा मात्र ती घाबरली.

तिच्या डॉक्टर गंधाली लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. अंगात वर्षानुवर्षं सूज धुमसत राहिली की तिची झळ मेंदूलाही लागू शकते, असं त्यांनी सांगितलं. खाण्यातून काही करता येईल का, नलिनीने विचारलं. टॉरिन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, त्या म्हणाल्या. उंदरांमध्ये त्याने मेंदूतली सूज कमी झालेली दिसलीय, माणसांत अजून सिद्ध व्हायचंय. औषधं मात्र चुकवायची नाहीत. आणि ते मिळतं मासळीत, शिंपल्यांत जास्त.

"म्हणजे तिसऱ्यांत?" नलिनीने विचारलं. डॉक्टर हसून हो म्हणाल्या.

बोरीवलीच्या या सोसायटीत आल्यापासून तिच्या घरात मासे शिजले नव्हते. शेजाऱ्यांना वास चालत नाही, उगाच वाद नको, असं मुलाने, राजेशने, सांगितलं होतं आणि मालवणच्या नलिनीने ते निमूट ऐकलं होतं. त्या दिवशी ती दवाखान्यातून थेट मासळीबाजारात गेली आणि पिशवीभर तिसऱ्या, ते छोटे शिंपले, घेऊन घरी आली. सुजल्या बोटांनी विळीवर एकेक शिंपला उघडताना हात कापला, तरी तिने दुसऱ्या कुणाला त्यांना हात लावू दिला नाही. खोबऱ्याच्या वाटपात तिसऱ्या रटरटू लागल्या, तशी तिने खिडकी सताड उघडली.

थोड्याच वेळात सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर दारात आले. तक्रारी आल्यात, हवं तर हॉटेलात खाऊन या, असं ते नम्रपणेच म्हणाले. राजेश माफी मागायला पुढे झाला. नलिनीने त्याला मागे सारलं.

"मेंदू माझो आसा, कमिटीचो नाय," ती म्हणाली. मग त्यांना कळावं म्हणून सावकाश बोलली, "घर माझ्या नावावर आहे. काय शिजवायचं ते मी ठरवणार. नियम असेल तर लेखी आणा."

तसा नियम निघाला नाही. समोरच्या शेजारणीने बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. टॉरिनने नक्की काय केलं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. शब्द कधी सापडतात, कधी हरवतात. तिसऱ्या मात्र दर बुधवारी शिजतात. यंदा नलिनी कमिटीच्या निवडणुकीला उभी राहिलीय, आणि राजेश घरोघरी तिच्यासाठी मतं मागत फिरतोय.