उजव्या हातावरची खाच

मी वसईजवळच्या होळी गावातली, पडवीत राहून राहून म्हातारी झालेली आरामखुर्ची. तुम्ही माझ्यावर बसता, पेपर वाचता, घोरताही; आज जरा माझं ऐका.

वाडीतला फणस पडला, तेव्हा त्याच्या लाकडातून बॅप्टिस्ट सुताराने मला घडवलं, दिवाकरभाऊंसाठी. पण भाऊंना वाडीतल्या कामातून बसायला फुरसत कुठली! माझा ताबा घेतला त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी. केळीच्या सोपटाचा दोरा त्या माझ्या उजव्या हाताला अडकवून ताणायच्या आणि मोगऱ्याचे गजरे गुंफायच्या. चाळीस वर्षांत दोऱ्याने तिथे बोट रुतेल अशी खाच पाडली. मला तिचा फार अभिमान.

भाऊ गेले. पुढे बाईंची नजरही गेली. गजरे मात्र थांबले नाहीत; बोटांनी खाच चाचपायची, दोरा अडकवायचा, की काम सुरू.

माझं कापड फाटलं, रंगाचे पोपडे निघाले. "चुलीत घाल ती, प्लास्टिकची आणू," बाईंचा मुलगा मितेश बायकोला म्हणाला. मी धसकलेच. पण सलोनी हट्टाला पेटली. दोन रविवार तिने मला पॉलिश पेपरने घासलं, निळा ऑइलपेंट दिला, पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड शिवून आणलं. रंगाआधी भेगा दिसल्या तिथे पुट्टी भरली होती. खाचेतही भरली. मी ओरडणार कशी?

यशोदाबाई बसल्या. माझ्या उजव्या हातावर हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि उठल्या.

"कुनाची खुर्ची आनली गो? माझी नाय ही."

"आई, तुमचीच आहे. फक्त रंगवलीय."

"मंग माझा दोरा कुठं अडकवू?"

त्या आत जाऊन पडल्या. दोन दिवस टोपलीतल्या कळ्या उमलून तशाच सुकल्या. अंगावर नवं कापड असून मला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सलोनी स्वतःच गजरा करायला बसली. गुळगुळीत रंगावरून दोरा सारखा निसटत राहिला. चौथ्यांदा निसटला तेव्हा तिने कपाळावर हात मारला, आतून सुरी आणली आणि पुट्टी खरवडून काढली. मग सासूला हाताला धरून आणलं. बाईंचं बोट खाचेत गेलं.

"हां," एवढंच त्या म्हणाल्या आणि टोपली मागितली. मला रडू आलं असतं, पण लाकडाला ते जमत नाही.

निळ्या रंगात तेवढीच जागा उघडी आहे. पाहुणे म्हणतात, रंग द्यायचा राहिलाय. राहू दे. तुम्हीही जुनं काही रंगवायला काढाल, तेव्हा कुणाचा हात कुठे टेकतो, ते आधी बघा.

आता उठा बरं, बाई येतायत.