झिमोरची शाळा

निशिगंधाने ओल्या चादरीचं एक टोक दातांत धरलं आणि चिमट्यांच्या पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. दोरीवरही एक चिमटा नव्हता. चादरीखालून वाकून पाहिलं, तर सगळे चिमटे पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एका पुठ्ठ्याच्या खोक्याच्या कडेवर ओळीने बसले होते आणि त्यांच्यासमोर तनया मांडी घालून बसली होती.

“तनू, थोडे चिमटे दे गं इकडे.”

“आत्ता नाही देता येणार. तास चालू आहे.”

“कसला तास?”

“झिमोरमध्ये शाळा आहे ना,” तनया म्हणाली. जणू राजा पार्कच्या या गल्लीतल्या सगळ्यांनाच ते माहीत असावं.

निशिगंधाने चादर तशीच दोरीवर टाकली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर ओला टॉवेल टाकला. माकडं आली तर असावी म्हणून कठड्याशी ठेवलेली काठी बाजूला सरकवून ती तिथेच टेकली. खाली कुकर लावायचा होता. पण सकाळपासून तिला लेकीशी काहीतरी बोलायचं होतं आणि ते कुठून सुरू करावं हे तिला सुचत नव्हतं.

सकाळी तनयाच्या शाळेत पालकांची भेट होती. तनया लिहिते छान, मॅडम म्हणाल्या होत्या, अक्षरही सुंदर आहे. पण तोंडी काही विचारलं की उभी राहते आणि नुसती बघत राहते. सांगलीहून इथे येऊन वर्ष झालं, हिंदी तर ती मैत्रिणींशी फाडफाड बोलते, तेव्हा भाषेचाही प्रश्न नाही. “एक साल और दूसरी में बैठ जाए तो बच्ची का कॉन्फ़िडेंस बनेगा,” मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या होत्या. “आप लोग सोचकर सोमवार को बता दीजिए।” तनया तेव्हा बाहेर झोपाळ्यावर होती.

“झिमोर कुठे आहे?” निशिगंधाने विचारलं.

“लांब. तिथे विमान जात नाही. मतलब, जातं, पण उतरत नाही.”

“आणि शाळा किती वाजता भरते?”

“संध्याकाळी. सकाळी सगळ्यांच्या आया चिडलेल्या असतात ना, म्हणून.”

निशिगंधाला हसू आलं. ते तिने ओढणीत पुसलं. “हा कितवीचा वर्ग आहे?”

“तिथे पहिली-दुसरी असं नसतं. खिडकीतून जे दिसतं ते वर्गाचं नाव. हा निळ्या टाकीचा वर्ग. त्याच्यापुढे पतंग अडकलेला वर्ग.” तनयाने समोरच्या तारेकडे बोट केलं. संक्रांतीला अडकलेला एक पतंग उन्हाने पांढरा पडून तिथे लोंबत होता. “आपल्या खिडकीतलं सगळं बघून झालं की पुढच्या वर्गात जायचं.”

“आणि परीक्षा?”

“असते की. प्रत्येकाने घरून एक प्रश्न आणायचा. घरात कुणालाच उत्तर येत नाही असा. घरच्यांना आलं तर नापास.”

“नापास कोण, घरचे?”

“नाही गं. प्रश्न.”

निशिगंधा जरा पुढे सरकली. उन्हाचा चटका पायांना लागत होता, पण तिला ते आत्ताच जाणवलं. “आणि बाई काय शिकवतात?”

“बाई विचारतात. पण बाईंना ज्याचं उत्तर माहीत नाही तेच विचारता येतं. तसा नियमच आहे. माहीत असलेलं विचारलं तर मुलं उत्तर देत नाहीत.”

“सगळंच माहीत असलेल्या बाई असतील तर?”

तनयाने क्षणभर विचार केला. “त्यांना ऑफिसात बसवतात. सह्या करायला.”

निशिगंधाने आता थांबायला हवं होतं. पण सोमवार डोक्यात होता, आणि दार असं उघडं सापडल्यावर तिला राहवलं नाही. “तुझ्या या वर्गात,” ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली, “कुणी अगदीच गप्प बसणारं आहे का? बाई काही म्हणाल्या की घाबरणारं?”

तनयाने वर पाहिलं. मग एकेक करून चिमटे काढायला लागली.

“काय झालं?”

“शाळा सुटली.”

“अगं, मी नुसतं विचारत होते.”

“तू खेळत नव्हतीस,” तनया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने ओंजळभर चिमटे आईच्या मांडीवर ठेवले आणि ती जिना उतरून गेली.

रविवारी दुपारी तनयाच्या बाबाने, अनिरुद्धने, प्रश्न हातात घेतला. विमा कंपनीच्या सी-स्कीम भागातल्या ऑफिसात लोकांचं मन वळवण्यात त्याचा हातखंडा होता आणि सात वर्षांच्या मुलीपुढे आपण हरू असं त्याला वाटलं नव्हतं. जेवणं झाल्यावर त्याने तनयाला समोर बसवलं.

“हं, तनयाजी. राजस्थान की राजधानी?”

तनया बघत राहिली.

“अगं, जिथे आपण राहतो तेच. चल, सोपं करतो. मोर हा आपला कोण आहे? राष्ट्रीय…?”

तनया त्याच्याकडे बघत होती. नजर घाबरलेली नव्हती. उलट बाबाचं काय बिघडलं आहे ते शोधत असल्यासारखी होती.

“बाबा, तुला माहितीये ना?”

“मला माहितीये. पण तुला माहितीये का, ते मला माहीत नाही.”

तनयाचा चेहरा बदलला. “मग तेच विचार ना.”

“बरं. राजस्थानची राजधानी कुठली, तुला माहितीये का?”

“हो.”

अनिरुद्ध वाट पाहत राहिला. “मग सांग.”

“सांगितलं की. हो.”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या निशिगंधाने तोंडावर हात धरला. अनिरुद्धने तिच्याकडे वळून पाहिलं. “हस, हस. तुझीच पोर आहे. उद्या वकील होऊन दुसरीतच बसेल.”

ते बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तनया दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

“दुसरीतच का?” तिने विचारलं.

अनिरुद्ध उठून पाणी प्यायला गेला. निशिगंधा येऊन लेकीच्या शेजारी जमिनीवर बसली. काल गच्चीवर जे आडून आडून विचारलं होतं, ते सरळ सांगायला तिला फार शब्द लागले नाहीत. मॅडम काय म्हणाल्या. उद्या काय सांगायचं आहे. बाबाला वाटतं पुढे जावं.

“आणि तुला?”

“मला कळत नाहीये,” निशिगंधा म्हणाली. “अगदी खरं. तिसरीत गेलीस आणि तिथेही तुला उभं करून ठेवलं तर, असंही वाटतं. आणि सगळ्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि तू मागे राहिलीस तर, असंही वाटतं. तुला काय हवंय?”

तनया काही बोलली नाही. निशिगंधाच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, मग दुसरं, मग ‘बरं, जाऊ दे’. ती गप्प राहिली. लेकीच्या या गप्प बसण्याकडे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. नेहमी मधेच काहीतरी बोलून ते बुजवून टाकलं होतं. तनया फरशीवरच्या एका भेगेवर बोट फिरवत होती. तिच्या भुवया हलत होत्या. एकदा तिने मान हलवली, स्वतःशीच, कुणाचं तरी म्हणणं खोडून काढल्यासारखी. खालच्या गल्लीत भाजीवाला येऊन आवाज देऊन गेलासुद्धा.

“अजून झालं नाही,” शेवटी तनया म्हणाली.

“काय झालं नाही?”

“विचार.”

सोमवारी सकाळी ऑटोत ती खिडकीशी बसली आणि सारा रस्ता बाहेर पाहत राहिली. निशिगंधाने तिला काही विचारलं नाही. अनिरुद्धने निघताना बजावलं होतं, पुढच्या वर्गात घाला असं ठाम सांगून ये, मग बाकीचं आपण बघू. तिने मान डोलावली होती. पण शाळेच्या पायऱ्या चढतानाही मॅडमना काय सांगायचं ते तिच्याजवळ नव्हतं.

मॅडम वर्गात एकट्याच होत्या. नव्या सत्रासाठी भिंतीवरचे तक्ते उतरवत होत्या. त्यांनी हात झटकले आणि दोघींना बसायला सांगितलं. मुलांचीच बाकं होती, निशिगंधाचे गुडघे आत मावेनात.

“तो क्या सोचा आपने?”

“हम…” निशिगंधाने सुरुवात केली आणि ती थांबली. “सच कहूँ तो मैं अभी तय नहीं कर पाई।”

मॅडम हसल्या. तक्त्याला चिकटलेला टेप नखाने सोडवत, मुलांशी बोलायच्या सवयीने त्या तनयाकडे वळल्या. “तनया बताएगी। क्यों बेटा, तुम क्या चाहती हो?”

उत्तर येईल असं त्यांना वाटत नव्हतं, हे उघड होतं, कारण त्या लगेच पुन्हा टेपकडे वळल्या. तनया उभी राहिली. निशिगंधाच्या तोंडात उत्तर आपोआप गोळा झालं, वर्षभर झालं होतं तसंच. लेकीच्या वतीने बोलायला ती पुढे झुकली, आणि मग तिने जीभ दातांखाली धरली.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी घंटेखाली पाणी शिंपडत होतं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग निशिगंधाकडे. निशिगंधाने बाकावरचा हात किंचित उचलला. थांबा, एवढंच.

मॅडम थांबल्या.

“तीसरी में,” तनया म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने. “पर मैम, मुझे सोचने में टाइम लगता है।”

मॅडमचा हात टेपवरच राहिला. तनयाकडे त्या पाहत होत्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर पुढचं वाक्य तयार नव्हतं. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला, तनयासमोरच्या छोट्या बाकावर बसल्या, आणि हळू आवाजात विचारलं,

“कितना?”

तनया विचार करू लागली.