चुंबक बंद असतानाचे फोटो

“सर, तुम्ही? चौसाळ्यात?”

सोसायटीच्या गोदामात मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, पोत्याची शिवण उसवता उसवता शिवम्मा थांबली. मुंबईच्या प्रयोगशाळेतले मोहनराव दारात उभे होते, हातात पत्र्याची पेटी. तीन वर्षांपूर्वी आप्पांना, म्हणजे वडिलांना, लकवा झाला आणि ती तिथली नोकरी सोडून गावी आली. आता तर हा बहात्तरचा दुष्काळ.

तिथं तिचं काम फोटो मोजण्याचं. अणू फुटून उडालेले कण विजेवर चालणाऱ्या चुंबकाजवळून जाताना वळत, फोटोत त्यांची बारीक रेघ उमटे. रेघ जितकी कमी वाकलेली, तितका कणाचा संवेग जास्त. सहा वर्षं ती भिंगाखाली तो बाक मोजत होती. एकदा तिच्या लक्षात आलं, चुंबक बंद ठेवून काढलेल्या फोटोंतही रेघा किंचित वाकलेल्याच आहेत. म्हणजे कॅमेराच त्या वाकवत होता. “तेवढा बाक प्रत्येक मापातून काढून टाकावा लागेल, सर,” ती म्हणाली होती. मोहनरावांनी तिच्या वहीतलं ते पान लाल शाईनं खोडलं होतं.

“तुमचं बरोबर होतं,” ते आता म्हणाले. “आमचे सगळे संवेग चुकले. चुंबक बंद असतानाचे चाळीस फोटो आणलेत. तुमच्याइतकं बारीक कुणाला मोजता येत नाही.”

“आधी धान्य वाटते, सर. बाया पहाटेपासून बसल्यात.”

मोहनराव दोन तास पोत्यावर बसून राहिले.

मग घरी खिडकीशी बसून तिनं भिंग डोळ्याला लावलं. दुपार कशी सरली, कळलं नाही.

“काय बघतीस गं एवढं?” आप्पांनी बाजेवरून विचारलं.

“रेघा हायेत, आप्पा. मुंबईच्या.”

“माज्यापायी सोडलीस ना नोकरी?”

“कोन म्हनलं?” भिंगावरून नजर न काढता ती म्हणाली.

चाळिसावा फोटो ठेवून तिनं आकडे मोहनरावांच्या हाती दिले. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. “परत याल का?” त्यांनी हळूच विचारलं.

तिनं आप्पांकडं पाहिलं. “न्हाई जमायचं, सर.”

“मग अहवालात नाव तरी तुमचंच लावतो. काय लिहू?”

ती बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, “शिवम्मा सोमलिंग. गाव चौसाळा. नीट लिव्हा.”

मोहनरावांची जीप गेली. शिवम्माचा उजवा डोळा ठणकत होता, पूर्वी रोज संध्याकाळी ठणकायचा तसा. माठात तळाशी थोडं पाणी होतं. पदराचं टोक त्यात बुडवून तिनं डोळ्यावर धरलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.